साताऱ्याला राहायला गेल्यावर सीजीएचएसची औषधं सोडून हजार रुपये घ्यावेत का?

आधी एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. वडील पुण्यात हवामान खात्यातून निवृत्त झाले. वय 71, आई 67. निवृत्तीच्या वेळी ग्रेड पे 4200, म्हणजे आताची लेव्हल 6. सीजीएचएसचं, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचारी आणि पेन्शनरांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड पुण्याचं आहे आणि वर्गणी दरवर्षी भरतात. आता दोघे साताऱ्याच्या घरी राहायला गेलेत, मुलगी पुण्यातच आहे. बीपी, शुगर, वडिलांचं हृदयाचं, आईचं थायरॉइड धरून दोघांची औषधं बाजारभावाने महिन्याला साडेतीन ते चार हजारांची होतात. एका शेजाऱ्यांचा सल्ला, औषधं सोडा आणि पेन्शनमध्ये हजार रुपये वैद्यकीय भत्ता लावून घ्या. दुसरे म्हणतात, सत्तरी झालीच आहे, आयुष्मानचं कार्ड काढा. तिसरे म्हणतात, आठव्या वेतन आयोगात सीजीएचएस बंदच होणार आहे. त्यात नवीन वेबसाइटवर लॉगिन होत नाही आणि सीजीएचएसच्या सेंटरमधून, म्हणजे दवाखान्यातून, दर वेळी वेगळ्याच कंपनीच्या गोळ्या मिळतात.

ताई, मी केंद्र सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे फार्मासिस्ट म्हणून नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर पेन्शनर मंडळींचे अर्ज आणि बिलं बघून देतो. माझं मत आधीच सांगतो. तुमच्या घरासाठी औषधांची बाजू सोडू नका. नव्याने बाजारात येणारी बरीच महाग औषधं आता घरी घ्यायच्या गोळीच्या नाहीतर इंजेक्शनच्या रूपात येतात, आणि हजार रुपयांच्या बदल्यात तुम्ही नेमकी तीच बाजू सोडून देणार आहात.

भत्त्याचा हिशेब आधी करू. फिक्स्ड मेडिकल अलाउन्स, ज्याला सगळे एफएमए म्हणतात, तो सीजीएचएस नसलेल्या भागात राहणाऱ्या केंद्रीय पेन्शनरांना ओपीडीच्या खर्चासाठी मिळतो. 1997 मध्ये तो 100 रुपयांनी सुरू झाला, 2008 मध्ये 300 झाला, 2014 च्या नोव्हेंबरात 500, आणि 1 जुलै 2017 पासून 1000. तेव्हापासून तो तिथेच आहे. तो माणशी मिळत नाही, पेन्शनरमागे मिळतो. म्हणजे आई-बाबा दोघांच्या मिळून सगळ्या औषधांना आणि डॉक्टरांच्या फीला महिन्याला एक हजार.

सातारा सीजीएचएसमध्ये येत नाही, त्यामुळे बाबांपुढे तीन वाटा आहेत. पहिली, फक्त भत्ता घ्यायचा आणि कार्ड नाही. दुसरी, जवळच्या शहराचं, म्हणजे पुण्याचं, पूर्ण कार्ड ठेवायचं आणि भत्ता घ्यायचा नाही. तिसरी मधली: ओपीडीसाठी भत्ता घ्यायचा आणि फक्त रुग्णालयात दाखल होण्यासाठी कार्ड ठेवायचं. शेजारी ही तिसरी वाट सांगत असावेत, कारण तीच सगळ्यांना चतुर वाटते. पण वर्गणी त्यातही भरावीच लागते. लेव्हल 6 ला महिन्याला 450, वर्षाला 5,400. भत्त्याचे वर्षाला 12,000 आले, त्यातून 5,400 वजा केले की हातात उरले 6,600. महिन्याला साडेपाचशे! वर्गणी तर पूर्ण कार्डालाही आहेच, तेव्हा वर्षाच्या 12,000 भत्त्यासाठी बेचाळीस ते अठ्ठेचाळीस हजारांची औषधं दर वर्षी खिशातून घ्यायची का, हा खरा प्रश्न आहे.

आता यावर एक प्रामाणिक आक्षेप निघतो, आणि तो मी मानतो. बाजारभाव म्हणजे ब्रँडचा भाव. गेल्या काही वर्षांत मधुमेहाच्या आणि हृदयाच्या बऱ्याच औषधांचे पेटंट संपले आणि भाव कोसळले. सिटाग्लिप्टिनचं पेटंट 2022 मध्ये संपलं आणि त्याच वर्षी जनऔषधी केंद्रांत 50 मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या 60 रुपयांना आणि 100 मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या 100 रुपयांना आल्या. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च 2025 मध्ये संपलं आणि आठवड्याभरात अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या दुकानांत दिसू लागल्या. सप्टेंबर 2025 मध्ये बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. त्यामुळे आज चार हजारांची वाटणारी यादी जेनेरिकवर नेली तर बरीच खाली येईल, हे खरं आहे. सावंतवाडीला किंवा भामरागडला एकटे राहणारे, दोन-तीन साध्या गोळ्यांवर असलेले, जवळच्या सेंटरला जायला दिवस मोडणारे पेन्शनर मला विचारतात तेव्हा मीच त्यांना मधली वाट सुचवतो. त्यांच्यासाठी ती बरोबर आहे.

तुमचं तसं नाही. बाबांना हृदयाचा त्रास आहे, दोघांचं वय वाढणार आहे, आणि तुम्ही स्वतः पुण्यात आहात. कर्करोगाची कितीतरी औषधं आता घरी बसून घ्यायच्या गोळ्या आहेत. संधिवाताची, दम्याची नवी इंजेक्शनं घरी घेतली जातात. यातलं एखादं औषध सुरू झालं तर महिन्याचा खर्च हजारांत मोजायचा की दहा हजारांत, हे सांगता येत नाही, आणि ते वर्षानुवर्षं चालतं. पूर्ण कार्ड असेल तर ते सेंटरमार्फत मिळतं. यादीबाहेरचं असलं तर तज्ज्ञ समितीची मंजुरी घ्यावी लागते, वेळ लागतो, पाठपुरावा करावा लागतो, पण दार उघडं असतं. ओपीडी सोडली असेल तर रुग्णालयाबाहेरच्या गोळीला कार्डाचा उपयोग नाही.

आणि पर्याय बदलायची मुभा आयुष्यात एकदाच आहे. आज पूर्ण कार्ड सोडून भत्त्यावर गेलात आणि तीन वर्षांनी गरज पडली म्हणून परत फिरलात, तर ती एक संधी संपली. ही संधी महिन्याच्या हजार रुपयांसाठी वापरू नये, असं मला मनापासून वाटतं. भत्त्याचा अर्ज एकदा पुढे गेला की ओपीडी घेत नसल्याचा दाखला, पीपीओमध्ये (पेन्शनच्या आदेशात) नोंद, बँक असा प्रवास सुरू होतो. तो उलटा फिरवताना दोन-चार महिने औषधही नाही आणि भत्ताही नाही, असे अधांतरी दिवस काढलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता दुसऱ्या शेजाऱ्यांच्या आयुष्मान कार्डाबद्दल, म्हणजे वय वंदना कार्डाबद्दल. ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस 70 वर्षांवरच्या सगळ्यांसाठी आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय सुरू झाली. ज्यांच्याकडे दुसरं काहीच नाही त्यांना हा मोठाच आधार आहे, आणि राज्य शासनाच्या, जिल्हा परिषदेच्या निवृत्तांनी तो जरूर घ्यावा. पण सीजीएचएसवाल्यांना दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं. आयुष्मान दाखल रुग्णासाठी आहे. औषधं मिळतात ती दाखल होण्याआधीचे तीन दिवस, दाखल असतानाची आणि घरी सोडल्यावर पंधरा दिवसांपर्यंतची. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्यात नाहीत. शिवाय आई 67 वर्षांच्या आहेत, म्हणजे त्या वयात बसतच नाहीत. बाबांनी सीजीएचएस सोडून ते घेतलं तर आईंचं काय, याचं उत्तर शेजाऱ्यांकडे नसेल.

आठव्या वेतन आयोगाची भीती मला समजते, कारण ती हवेतून आलेली नाही. सातव्या आयोगाने 2015 च्या अहवालात कर्मचारी आणि पेन्शनरांसाठी आरोग्य विम्याची शिफारस केली होती, आणि तोवर सीजीएचएसबाहेरच्या भागातल्या पेन्शनरांना जवळची इतर मान्यताप्राप्त रुग्णालयं जोडून द्यावीत असंही म्हटलं होतं. त्यानंतर दर काही महिन्यांनी “सीजीएचएस जाणार, विमा येणार” असा मेसेज फिरतो. न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालच्या आठव्या आयोगाला 2025 च्या नोव्हेंबरात अधिसूचना निघून 18 महिन्यांची मुदत मिळाली आहे. अहवाल, मग सरकारचा निर्णय, मग अंमलबजावणी. जे अजून ठरलेलंच नाही त्याच्या धास्तीने हातातलं कार्ड सोडणं शहाणपणाचं नाही.

त्या आयोगाच्या निमित्ताने एक गोष्ट मात्र आत्ताच करण्यासारखी आहे. सीजीएचएसच्या वर्गणीचे आजचे दर 2017 पासूनचे आहेत, म्हणजे सातव्या आयोगानंतर वाढवलेले. लेव्हल 1 ते 5 ला 250, लेव्हल 6 ला 450, 7 ते 11 ला 650, त्यावर 1000. पेन्शनरला दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरून आजीवन कार्ड घेता येतं. बाबांसाठी ते 54,000 होतात. वय 71 आहे, दहा वर्षांचे पैसे वसूल होतील का, असं मनात येणं साहजिक आहे. पण कार्ड दोघांचं आहे. बाबांच्या माघारी फॅमिली पेन्शनवर ते आईंच्या नावाने पुढे चालतं, आणि त्या चार वर्षांनी लहान आहेत. पुढे दर वाढले तरी आजीवन भरलेल्याला झळ लागत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे दर वर्षी मुदत संपायच्या आत भरायची आठवण ठेवावी लागत नाही. वर्गणी भरायची राहिली, कार्ड बंद पडलं, आणि नेमकं त्याच आठवड्यात औषध संपलं, हे फार घरांत घडतं. पैशांची सोय असेल तर मी आजीवन करून टाका म्हणेन.

आता वेबसाइट. 28 एप्रिल 2025 ला सीजीएचएसची जुनी संगणक प्रणाली बंद झाली आणि आरोग्य मंत्रालयाच्या पत्त्यावर नवी सुरू झाली. जुन्या दोन्ही साइट बंद आहेत, त्यामुळे मोबाइलमध्ये साठवलेली जुनी लिंक उघडणार नाही. वर्गणीही आता नव्या पोर्टलवरूनच भरायची. पहिल्यांदा आत जाताना पासवर्ड नव्याने करावा लागतो आणि त्याचा ओटीपी कार्डाला जोडलेल्या मोबाइलवर जातो. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, कारण नोंदलेला नंबर दहा वर्षांपूर्वीचा, ऑफिसातला किंवा बंद पडलेला असतो. तो बदलायला पुण्याच्या सीजीएचएस कार्यालयात अर्ज द्या, कार्डाची आणि पीपीओची प्रत जोडा. आत गेलात की एवढं नक्की तपासा: दोघांच्या नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, कार्डाची मुदत, नोंदलेलं सेंटर आणि पत्ता. माहिती नव्या प्रणालीत आणताना एखादी नोंद चुकली असेल तर ती शांतपणे आत्ता दुरुस्त करून घ्या. रुग्णालयाच्या काउंटरवर उभं असताना ते कळणं फार त्रासाचं असतं. आणि “तुमचं कार्ड बंद होणार आहे, ओटीपी सांगा” असा फोन आला तर बाबांना तो तिथेच ठेवून द्यायला सांगा. वर्गणी असो की कार्ड, ओटीपी कुणालाही तोंडी सांगायचा नसतो.

आता औषधं प्रत्यक्ष कशी मिळवायची. सेंटरमध्ये डॉक्टरांनी लिहिलेलं औषध साठ्यात असेल तर खिडकीवर मिळतं. नसेल तर त्याचं इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, ठरलेल्या लोकल केमिस्टकडे जातं आणि साधारण दुसऱ्या दिवशी औषध सेंटरवर येतं. साताऱ्याहून येणाऱ्या माणसाला हाच दुसरा दिवस महाग पडतो. यावर उपाय म्हणजे तुम्ही. बाबांनी स्वतः दर वेळी यायची गरज नाही. त्यांचं सहीचं अधिकारपत्र, कार्डाची प्रत आणि तज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन तुम्ही औषधं नेऊ शकता. जुनाट आजाराच्या औषधांसाठी तीन महिन्यांपर्यंतचा साठा देता येतो, पण चिठ्ठीवर कालावधी लिहिलेला असला तरच डॉक्टरांना ते सोपं जातं. म्हणून तज्ज्ञांकडे गेल्यावर “तीन महिने” हे शब्द आणि तारीख स्पष्ट लिहून घ्या. तरीही इंडेंटचं औषध बहुधा महिन्याचंच हाती येतं, हे गृहीत धरून चाला. घरात पंधरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढच्या फेरीला लागा.

बाबांना सत्तरीमुळे एक सवलत मिळाली आहे. मान्यताप्राप्त खासगी रुग्णालयात तज्ज्ञांना थेट दाखवायची मुभा आधी 75 वर्षांवरच्यांना होती, ती आता 70 वर आली आहे. म्हणजे रेफरलसाठी, सेंटरच्या शिफारस-चिठ्ठीसाठी, वेगळा हेलपाटा नको. आईंना मात्र सेंटरमधून रेफरल घ्यावाच लागेल. पण यात एक गफलत फार जण करतात. तज्ज्ञांना थेट दाखवता आलं म्हणजे त्याच रुग्णालयाच्या मेडिकलमधून घेतलेल्या औषधांचं बिल मिळेल, असं नाही. चिठ्ठी घेऊन सेंटरमध्येच यायचं. 2020 मध्ये कोविडच्या काळात बाहेरून औषधं घेऊन भरपाई मागायची सूट होती. ती त्या काळापुरती होती, पण अजूनही लोक पिशवीभर बिलं घेऊन येतात. बाहेरची खरेदी तेव्हाच करा जेव्हा सेंटरने औषध उपलब्ध नसल्याचं लेखी दिलं असेल, आणि बिल सहा महिन्यांच्या आत सादर करा. ऑक्टोबर 2025 मध्ये सीजीएचएसचे नवे पॅकेज दर लागू झाले, त्याचा संबंध रुग्णालयातल्या उपचारांशी आहे. औषधांच्या खिडकीवर त्याने काही बदललेलं नाही.

शेवटचा मुद्दा वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्यांचा, आणि माझ्या कामाचा असल्यामुळे यावर जरा जास्त बोलतो. सरकारी खरेदी घटक-नावाने, म्हणजे कंपनीच्या नव्हे तर गोळीतल्या मूळ औषधाच्या नावाने, होते, त्यामुळे या महिन्याला एक कंपनी, पुढच्या महिन्याला दुसरी असं होणारच. बहुतांश औषधांत त्याने काही बिघडत नाही, आणि “सरकारी गोळी लागू पडत नाही” असं म्हणून औषध अर्धवट सोडणं यात खरा धोका आहे. पण काही ठिकाणी डोळ्यात तेल घालून बघावं लागतं.

बाबांना हृदयासाठी मेटोप्रोलॉल असेल तर पट्टीवर पुढे सक्सिनेट लिहिलंय की टार्ट्रेट ते वाचा. सक्सिनेट दिवसभर हळूहळू विरघळणाऱ्या गोळीत येतं आणि एकदाच घेतात, टार्ट्रेटची साधी गोळी बहुधा दोनदा घ्यावी लागते. एकाच्या जागी दुसरं दिलं आणि डोस तोच ठेवला तर नाडीवर परिणाम होतो. मेटफॉर्मिनचंही तसंच: एसआर किंवा ईआर लिहिलेली गोळी तोडून किंवा कुटून द्यायची नाही. आईंच्या थायरॉइडच्या गोळीची कंपनी शक्यतो तीच राहावी, आणि बदललीच तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्यावं. घरात कुणाला फिटची किंवा वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तज्ज्ञांना सांगून चिठ्ठीवर तसा शेरा मागा, म्हणजे सेंटरच्या डॉक्टरांना इंडेंट करताना आधार मिळतो.

सगळ्यात जास्त मला भीती वाटते ती दुबार औषधाची. जुन्या कंपनीची पट्टी डब्यात शिल्लक, नव्या कंपनीची आज आली, नावं वेगळी, रंग वेगळे. आजोबा दोन्ही घेतात, कारण त्यांच्या लेखी ती दोन औषधं आहेत. मागच्या बाजूला बारीक अक्षरात दोन्हीवर टेल्मिसार्टन 40 लिहिलेलं असतं. मग सकाळी उठताना चक्कर, पडणं, आणि पुढचं सगळं. म्हणून पुण्याहून औषधं पाठवताना प्रत्येक पट्टीवर जाड मार्करने मराठीत लिहा: “बीपी, सकाळी 1”, “शुगर, जेवणानंतर 1”. नवी पट्टी डब्यात गेली की त्याच घटकाची जुनी बाहेर काढायची, आणि ती आधी संपवायची असेल तर नवी कपाटात ठेवायची. साताऱ्याला जाल तेव्हा एकदा पूर्ण डबा टेबलावर ओता आणि पट्टीमागची घटक-नावं एका कागदावर उतरवून काढा. त्या कागदाचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये असला तर सेंटरमध्ये डॉक्टरांसमोर बसल्यावर काय हवं आणि काय घरात आहे, ते लगेच सांगता येतं.

आधी मोबाइल नंबरचं काम उरकून घ्या, त्यावाचून बाकीचं पुढे सरकत नाही. मग वर्गणी. भत्त्याच्या अर्जावर बाबांनी सही केली असेल आणि तो अजून घरातच पडला असेल, तर पाठवू नका.